दहा हजार तासांचं गणित

दहा हजार तास घासले की कुणीही उस्ताद होतो, ही समजूत माल्कम ग्लॅडवेल यांच्या २००८च्या ‘आउटलायर्स’ पुस्तकानं घरोघरी पोचवली. आकडा आला १९९३च्या एका अभ्यासातून. अँडर्स एरिक्सन आणि सहकाऱ्यांनी बर्लिनच्या संगीत अकादमीतले व्हायोलिनचे विद्यार्थी तपासले होते. दहा हजार ही सर्वोत्तम गटाची विसाव्या वर्षापर्यंतची निव्वळ सरासरी; त्या गटातल्याही बऱ्याच जणांनी तेवढा रियाज केला नव्हता!

मला मात्र त्यांची दिनचर्या जास्त बोलकी वाटते. सरस वादक एकट्यानं, बहुधा सकाळी, साधारण ऐंशी मिनिटांच्या बैठकीत वाजवत, मग थांबत आणि दुपारी चक्क ताणून देत. हा आळस नव्हे. बोटांच्या नव्या हालचाली मेंदूत पक्क्या होण्यात झोपेचा मोठा वाटा असतो. आख्खी चीज पुन्हापुन्हा आळवण्यापेक्षा अडलेली जागा वेगळी काढून संथ लयीत घोटणं, चूक लगेच कानावर येणं, यावर एरिक्सन यांचा भर होता.

२०१९मध्ये हाच प्रयोग पुन्हा झाला, तेव्हा सर्वोत्तम आणि त्याखालचा गट यांच्या तासांत फरक दिसलाच नाही. तेव्हा पालकहो, पेटीच्या क्लासचे तास मोजू नका. आज कुठली जागा अडली, ते विचारा.