भट्टी थंडावली तर हप्ता कोण भरणार?

‘जालना, सोन्याचा पालना’ ही म्हण तुम्ही आजोबांच्या तोंडून ऐकली असेल. आता एमआयडीसीतल्या चहाच्या टपरीवर तीच गोष्ट नव्या भाषेत ऐकू येते : ‘समृद्धीजवळ घेऊन टाक भाऊ, पाच वर्षांत डबल!’ ५ जून २०२५ला समृद्धी महामार्ग मुंबईपर्यंत पूर्ण खुला झाला, तेव्हापासून तर हा सल्ला फुकटच मिळतो. पगार सुरू होऊन दोन-तीन वर्षं झाली, थोडे पैसे साठले, की तुमच्याही मनात येतं : एक घर घ्यावं, भाड्यानं द्यावं. विचार चांगला आहे. फक्त सही करण्याआधी या चार प्रश्नांची उत्तरं शोधा.

भाड्यातून हप्ता निघेल?
उदाहरणादाखल २५ लाखांचा फ्लॅट धरू. २० लाख कर्ज, ९ टक्के व्याज, २० वर्षं. हप्ता येतो जवळपास १८ हजार. भाडं ८ हजार मिळालं, तर वर्षाचे ९६ हजार. त्यातून एखादा रिकामा महिना, घरपट्टी आणि रंगरंगोटी वजा केली, की हातात उरतात साधारण ८० हजार. म्हणजे दरमहा ११ हजारांहून जास्त रक्कम तुमच्या खिशातून जाणार. शिवाय मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी आधीच रोख मोजावी लागते. खरेदी बाईच्या नावावर असेल, तर राज्यात घराच्या मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे. आई किंवा बहिणीशी आधीच बोलून ठेवा.

भाडेकरू कोण असेल?
जालन्यातला खरा प्रश्न हा आहे. इथल्या भट्ट्यांत भंगार वितळतं, त्याची सळई होते आणि ती सळई बांधकामावर जाते. बांधकाम मंदावलं, की सळईची मागणी घटते. मग ओव्हरटाइम बंद होतो, बाहेरगावचे कामगार रूम सोडून गावी जातात आणि घरांचे भावही अडकतात. तुमचा पगार, तुमचं भाडं आणि तुमच्या घराचा भाव, तिन्ही एकाच भट्टीवर शिजतात! म्हणून तुम्ही स्टीलमध्ये असाल, तर घर अशा जागी बघा जिथे भाडेकरू दुसऱ्या धंद्यातला मिळेल : दवाखान्यांजवळ, कॉलेजजवळ, बाजारपेठेत, स्टेशनच्या बाजूला. आणि हप्ता ओव्हरटाइम न धरता बसला पाहिजे. सहा महिन्यांचे हप्ते बाजूला ठेवल्याशिवाय टोकन देऊ नका.

पाणी आहे का?
२०१२-१३चा दुष्काळ आठवतो ना? घरच्यांना विचारा, टँकरच्या रांगा ते विसरलेले नाहीत. नळ किती दिवसांनी येतो, बोअरला उन्हाळ्यात पाणी असतं का, हे बिल्डरला नाही, शेजाऱ्याला विचारा. तेही मे महिन्यात. पाणी नसलेल्या घरात भाडेकरू टिकत नाही.

कागद पक्का आहे का?
नोटरीच्या बाँडवर घेतलेला ‘एक गुंठा’ तुमचा होत नाही. मालकी हवी तर दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेलं खरेदीखत लागतं. सातबारा, फेरफार आणि एनएचा आदेश स्वतः तपासा. ‘तुकडेबंदी आता उठली’ असं कोणी सांगितलं, तर ती सवलत नेमकी याच गटाला लागू आहे का, हे तहसीलमध्ये जाऊन विचारा. नव्या प्रकल्पाचा महारेरा नंबर वेबसाइटवर टाकून बघा. करार नोंदवल्याशिवाय बिल्डर १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेऊ शकत नाही. भाड्याचा करारही नोंदवावाच लागतो आणि ती जबाबदारी कायद्यानं घरमालकाची, म्हणजे तुमची आहे.

गावात किंवा शहरात घरचा मोकळा प्लॉट असेल, तर आधी त्याचा विचार करा. जमिनीचा खर्च वाचतो, दोन रूमपासून सुरुवात होते आणि कर्जही लहान राहतं. तेही नसेल, तर घाई नको. हप्त्याएवढी रक्कम सहा महिने दर पगाराला आरडीत टाकून बघा. जमलं, तर हप्ता तुम्हाला झेपतो हे कळेल आणि अडीअडचणीची पुंजीही तयार झालेली असेल. तोवर टपरीवरच्या भाऊला सांगा, ‘आधी सातबारा दाखव!’