रुग्णाला हलवताना : परिचराचे कर्तव्य आणि कुटुंबाची जबाबदारी

वॉर्डातील ‘मामा’ आणि ‘मावशी’ दिवसाकाठी अनेकदा रुग्णांना खाटेवरून चाकांच्या खुर्चीत, तेथून स्ट्रेचरवर हलवत असतात. हे केवळ अंगबळाचे काम, असा आपला समज असतो. वस्तुतः ते पद्धतीचे काम आहे. पद्धत चुकली, तर रुग्ण पडतो किंवा उचलणाऱ्याची कंबर जायबंदी होते.

अमेरिकेतील राष्ट्रीय व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्थेच्या शिफारशीनुसार, रुग्णाला हाताने हलवताना एका व्यक्तीवर सुमारे १६ किलोपेक्षा अधिक भार येऊ नये. अर्थात, प्रौढ माणसाला एकट्याने उचलणे कोणाच्याच मर्यादेत बसत नाही. म्हणूनच जाणता परिचर आधी मदतनीस बोलावतो.

त्याचे पहिले कर्तव्य विचारण्याचे. रुग्ण स्वतः किती हालचाल करू शकतो, कोणत्या पायावर भार द्यायचा नाही, याची तो परिचारिकेकडून खात्री करून घेतो. मग काय करणार आहोत, हे रुग्णाला सांगतो. खुर्चीचे ब्रेक लावतो, पायटेकू बाजूस सारतो, सलाईनची नळी मोकळी करतो. लघवीची पिशवी मूत्राशयाच्या पातळीखालीच ठेवतो. फार वेळ पडून राहिलेल्या रुग्णाचा रक्तदाब उठताच उतरू शकतो. म्हणून त्याला काही मिनिटे खाटेच्या कडेला बसवून, घेरी येत नाही ना, हे पाहतो.

अर्धांगवायूच्या रुग्णासाठी खुर्ची सशक्त बाजूला ठेवावी. लुळा हात धरून कधीही ओढू नये; खांद्याचा सांधा निखळण्याची भीती असते. उशीकडे सरकवताना अंग फरफटवू नये. घर्षणाने त्वचा सोलवटते व शय्याव्रण होतात. दोघांनी अंगाखालची चादर दोन्ही बाजूंनी धरून रुग्णाला वर घ्यावे. तोल गेलाच, तर त्याला बळाने उभे धरू नये. डोके सांभाळत सावकाश जमिनीवर टेकवावे आणि मदत बोलवावी.

रुग्ण घरी परतला, की परिचराचे हे काम बहुधा वृद्ध पत्नीच्या किंवा सुनेच्या वाट्याला येते. तेव्हा रुग्णालय सोडण्यापूर्वीच परिचारिकेला किंवा फिजिओथेरपिस्टला ही पद्धत दाखवण्याची विनंती करावी आणि त्यांच्या देखरेखीखाली स्वतः एकदा करून पाहावी. सेवा करणाऱ्याची पाठ शाबूत राहिली, तरच सेवा अखंड चालते.