भाषेची नवी आवृत्ती कोसळते तेव्हा

छिद्रांच्या कार्डांवर चालणाऱ्या जॅकार्ड मागावर, सुरतेत असो वा अन्यत्र, साडीच्या बुट्ट्यात खोट दिसली तर ती पुन्हा कुठे येते हे आधी पाहावे लागते. प्रत्येक बुट्ट्यात ती नेमकी त्याच जागी आली, तर संशय कार्डावर जातो. कुठेही येत असेल, तर धागा आणि ताण तपासावा लागतो. छिद्रांनी आज्ञा देण्याची ही कल्पना पुढे संगणकातही वापरली गेली. दोष शोधण्याची रीतही तेथे तशीच लागू पडते.

समजा, संगणकभाषेची नवी आवृत्ती बसवली आणि कालपर्यंत नीट चालणारा प्रोग्राम कोसळू लागला. अशा वेळी आपण बहुधा अंदाजाने चार ओळी बदलून पाहतो. त्याने दोष सापडण्यापेक्षा लपण्याचा संभवच अधिक. पहिले काम म्हणजे दोष हुकमी घडवून आणणे : तोच प्रोग्राम, तीच माहिती, तीच आज्ञा. दुसरे, प्रोग्राम छाटत जाणे. एखादा भाग काढूनही तो कोसळत असेल, तर त्या भागाची गरज नव्हती.

याचे उत्तम उदाहरण सी भाषेच्या ‘जीसीसी’ या कंपायलरचे आहे. त्याची १९९९ सालची २.९५.२ ही आवृत्ती, गती वाढवण्याची सूचना दिली असता, एका छोट्या प्रोग्रामवर कोसळत असे. आंद्रेआस त्सेलर आणि राल्फ हिल्डेब्रांट यांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या लेखात ही छाटणी संगणकाकडूनच करून घेतल्याचे दाखवले. ७५५ अक्षरांचा प्रोग्राम ७७ अक्षरांवर आला. त्यातले आणखी एक अक्षर काढले तरी कंपायलर कोसळत नसे. त्सेलर यांनी पुढे मूळ कारणही शोधले. सूत्राची झाडासारखी मांडणी करताना एक फांदी उलट वळून वर्तुळ तयार होत होते. त्या वर्तुळात कंपायलर फिरत राही आणि शेवटी स्मृती संपून पडे. ज्या ठिकाणी तो पडला, तेथे मूळ चूक नव्हतीच. चूक आधी घडून गेली होती.

तिसरा उपाय आवृत्त्यांचा. जुन्या आणि नव्या आवृत्तीत १,००० बदल झाले असतील, तर एकेक तपासण्याची गरज नाही. मधली स्थिती चालवून पाहावी. ती ठीक असेल तर दोष पुढच्या ५०० मध्ये, नसेल तर मागच्या ५०० मध्ये. मग २५०, १२५ असे निम्मे करीत गेल्यास सुमारे दहा चाचण्यांत दोषी बदल हाती लागतो. मात्र दोष एकाच बदलाने आलेला असावा आणि प्रत्येक चाचणीचे उत्तर निःसंदिग्ध मिळावे. २००५ साली लिनस टॉर्व्हाल्ड्सने सुरू केलेल्या ‘गिट’मध्ये ‘बायसेक्ट’ ही आज्ञा नेमके हेच काम करते.

जीसीसीसारख्या कंपायलरचा मूळ मजकूर आणि त्यातील बदलांचा इतिहास सर्वांना खुला आहे. म्हणून सुरतेतील विद्यार्थीही हे काम करू शकतो. त्यासाठी कंपायलरचा तज्ज्ञ असण्याची अट नाही. दोष कळवताना ‘चालत नाही’ एवढेच न लिहिता छाटलेला प्रोग्राम, आवृत्ती, यंत्र आणि दिलेली आज्ञा लिहावी. दुरुस्त करणाऱ्याचे अर्धे काम तेथेच होते.