नवी लहान की जुनी मोठी?

समजा तुमच्या दादाला तेवढ्याच पैशांत १०० सीसीची नवी मोटारसायकल मिळते, किंवा ३५० सीसीची जुनी. कोणती घ्यावी?

गणित करू या. नवी ११० किलोची, जुनी १९० किलोची. दादा ६० किलोचा. गतिज ऊर्जा म्हणजे वस्तुमान आणि वेगाचा वर्ग यांच्या गुणाकाराची निम्मी. ताशी ६० किलोमीटर वेगाला नवीची ऊर्जा सुमारे २३,६०० ज्यूल होते. मोठ्या इंजिनामुळे ताशी ८० चा मोह झाला, तर जुनीची ६१,७००; म्हणजे अडीचपटींहून अधिक!

थांबताना ही ऊर्जा ब्रेकनी घर्षणाने उष्णतेत बदलायची असते. लायनर झिजलेले असतील तर गाडी वेळेत थांबणार नाही. टायर गुळगुळीत असतील तर पावसात घसरेल. म्हणून दादाला सांगा, "जुनी घेणार असशील, तर इंजिनाआधी ब्रेक आणि टायर तपास. त्यांचा खर्चही किमतीत धर."