आईची भाषा आणि आईचा पासपोर्ट

१८५८च्या जानेवारीत व्हिक्टोरिया राणीची थोरली मुलगी लग्न करून लंडनहून बर्लिनला गेली. नाव आईचंच, पण घरात सगळे तिला व्हिकी म्हणत. वय सतरा. पुढच्या जानेवारीत तिचं पहिलं बाळंतपण आलं, तेव्हा राणीने इंग्लंडहून डॉक्टर पाठवला, सुईणही पाठवली. बाळ पायाळू होतं. बाळंतपण फार अवघड गेलं आणि बाळाचा डावा हात कायमचा अधू राहिला. पुढे जर्मनीचा कैसर झालेला दुसरा विल्हेल्म तो हाच. मायलेकींमध्ये चाळीसहून अधिक वर्षं हजारो पत्रं गेली-आली. राणीच्या स्वतःच्या आईचं माहेर जर्मनीत होतं, नवराही जर्मन होता. तरी बर्लिनच्या दरबाराने तिच्या मुलीला अखेरपर्यंत ‘ती इंग्रज बाई’ याच नावाने ओळखलं.

राजघराण्याची पत्रं जपली गेली म्हणून ही गोष्ट आपल्याला कळते. त्याच वाटेने गेल्या दोनशे वर्षांत साध्या घरांतल्या असंख्य बायका जर्मनीतून ब्रिटनला आणि ब्रिटनमधून जर्मनीला गेल्या, तिथे मुलं वाढवली, आणि त्यांच्याबद्दल फार थोडं लिहिलं गेलं. माझं म्हणणं आधीच मांडते. परक्या देशात मुलांच्या तोंडी आपली भाषा राहिली तर आपण आईच्या चिकाटीचं कौतुक करतो. ते योग्यच आहे, पण अपुरं आहे. एकटीची चिकाटी फार दिवस पुरत नाही. भाषा टिकते ती आईला तिथे मैत्रिणी मिळाल्या तर. आणि हे काम करणाऱ्या बायकांची कायद्याने घेतलेली दखल लाज वाटावी इतकी उशिराची आहे.

कायद्यापासूनच सुरुवात करू. १८७०च्या ब्रिटिश कायद्यानुसार परदेशी पुरुषाशी लग्न करणारी बाई आपलं नागरिकत्व गमावत असे. नवऱ्याचा देश तोच तिचा देश. इंग्लंडमध्ये तेव्हा जर्मन बेकरीवाले आणि डुकराच्या मांसाचे जर्मन खाटीक गावोगावी होते. त्यातल्या अनेकांच्या बायका जन्माने इंग्रज होत्या. १९१४ साली युद्ध पेटलं आणि आपल्याच गल्लीत जन्मलेल्या, इंग्रजीखेरीज दुसरी भाषा न येणाऱ्या या बायका एका दिवसात शत्रुराष्ट्राच्या नागरिक ठरल्या. १९१५च्या मे महिन्यात जर्मन पाणबुडीने लुसिटानिया जहाज बुडवल्यावर जमावाने जर्मन दुकानं फोडली. पुरुषांची रवानगी आइल ऑफ मॅन बेटावरच्या नॉकेलोसारख्या छावण्यांत झाली आणि घर, दुकान, मुलं बाईच्या गळ्यात पडली. अशा घरांत जर्मन शब्द पुन्हा उच्चारला गेला नसेल तर त्यात नवल ते काय?

लग्नाने नागरिकत्व जाण्याचा हा नियम ब्रिटनमध्ये १९४९पासून गेला, पश्चिम जर्मनीत १९५३मध्ये. पण हा बदल बाईच्या स्वतःच्या नागरिकत्वापुरताच. परदेशी नवऱ्यापासून झालेल्या मुलांना जर्मन आई आपलं नागरिकत्व देऊ शकू लागली ती १९७५पासून. परदेशात जन्मलेल्या मुलांच्या बाबतीत ब्रिटिश आईला हा हक्क मिळाला १९८३मध्ये. तोवर आईने मुलाला अंगाई द्यायची, बोलणं द्यायचं, चव द्यायची. पासपोर्ट देण्याचा अधिकार बापाचा. आपण भारतीयांनीही इथे नाक वर करू नये. परदेशात जन्मलेल्या मुलाला आईकडून भारतीय नागरिकत्व मिळण्याची सोय आपल्या कायद्यात आली ती १९९२च्या डिसेंबरात. जर्मनीने २०२१मध्ये जुनी चूक सुधारायला घेतली. आईकडून न मिळालेलं नागरिकत्व त्या काळातल्या मुलांना आणि त्यांच्या वंशजांना साध्या घोषणापत्राने मिळवता येतं, आणि त्यासाठी दहा वर्षांची मुदत आहे. पन्नाशी-साठी उलटलेली माणसं आता आपल्या आईच्या जन्माचा दाखला शोधत आहेत.

पण बायका कायद्यासाठी थांबल्या नव्हत्या. जर्मन शिक्षणतज्ज्ञ फ्रेडरिक फ्रोबेलचं किंडरगार्टन १८५१मध्ये प्रशिया सरकारने बंद पाडलं. त्याच वर्षी हॅम्बर्गहून परागंदा झालेल्या बर्टा रोंगे यांनी लंडनमध्ये पहिलं किंडरगार्टन काढलं. धाकटी बहीण मार्गारेटे मदतीला होती. तीच पुढे अमेरिकेत गेली आणि तिने १८५६मध्ये तिथलं पहिलं किंडरगार्टन चालवलं. ज्या बालशिक्षणाचं आपण आज सहज नाव घेतो, त्याच्या प्रवासातला एक मोठा टप्पा दोन निर्वासित बहिणींनी गाठून दिला.

१९३०च्या दशकाविषयी लिहिताना हात जड होतो. नाझी जर्मनी आणि ऑस्ट्रियातून सुमारे २०,००० ज्यू बायका घरकामाच्या व्हिसावर ब्रिटनमध्ये आल्या. ज्यांच्या घरी कालपर्यंत मोलकरीण होती त्या इथे दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात भांडी घासू लागल्या. १९३८च्या डिसेंबरपासून युद्ध सुरू होईपर्यंत सुमारे १०,००० मुलं ‘किंडरट्रान्सपोर्ट’मधून हार्विच बंदरात उतरली. त्यांच्या आया फलाटावरून मागे फिरल्या होत्या, आणि बहुतेक मुलांना आईवडील पुन्हा दिसले नाहीत. यातली कितीतरी मुलं काही वर्षांतच जर्मन विसरली. घरातला एकही माणूस ज्या भाषेत हाक मारत नाही, ती भाषा लहान मुलाने कुणासाठी जपायची?

याच काळात एक मुलगी आईवडिलांबरोबर बर्लिनहून स्वित्झर्लंड आणि पॅरिसमार्गे १९३६मध्ये लंडनला पोचली. जुडिथ केर तिचं नाव. पुढे आई झाल्यावर तिने आपल्या मुलीला झोपताना एक गोष्ट सांगितली: दारात वाघ येतो, चहाला बसतो आणि घरातलं सगळं खाऊन-पिऊन निघून जातो. ‘द टायगर हू केम टू टी’ हे १९६८चं पुस्तक आज इंग्रज घरांतल्या लहान मुलांच्या फळीवर हमखास असतं. आणि आपल्या पलायनाची गोष्ट तिने १९७१मध्ये इंग्रजीत लिहिली, तिच्या अनुवादाला १९७४मध्ये जर्मनीचा मानाचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला. जन्माची भाषा हातून सुटलेल्या बाईने दोन्ही देशांतल्या मुलांना पुस्तकं दिली, यापेक्षा मोठी परतफेड मला ठाऊक नाही.

युद्ध संपलं तेव्हा ब्रिटिश सैनिकांना जर्मनांशी बोलायलाही बंदी होती. ती उठली, लग्नाची परवानगी आली, आणि हजारो जर्मन तरुणी सैनिकांच्या बायका होऊन ब्रिटनला गेल्या. बॉम्बच्या आठवणी ताज्या असलेल्या गल्ल्यांत त्यांना शेजार मिळवायचा होता. त्याच सुमारास, १९४७मध्ये, रेडिंग शहराच्या महापौर फीबी कस्डेन ड्युसेलडॉर्फला गेल्या. तिथली उपासमार पाहून त्यांनी तिथल्या काही मुलांना रेडिंगमधल्या कुटुंबांत राहायला आणलं. ब्रिटनमध्ये तेव्हा पावावरसुद्धा रेशन होतं. आपल्या मुलांच्या मोजक्या पावातला तुकडा शत्रूच्या मुलाला देणाऱ्या त्या गृहिणींची नावं इतिहासाने ठेवली नाहीत, पण दोन्ही शहरांचं नातं तेव्हापासून जुळलं. त्याच वर्षी ब्रिस्टल-हानोव्हर आणि ऑक्सफर्ड-बॉन याही जोड्या जमल्या.

आता आजच्या आयांकडे येऊ. लीड्सहून कोलोनला गेलेल्या आईला पहिला धक्का बसतो तो शाळेचा. इंग्लंडमध्ये मूल चौथ्या वर्षी शाळेच्या ‘रिसेप्शन’ वर्गात जातं. जर्मनीत साधारण सहाव्या वर्षापर्यंत ते किंडरगार्टनमध्येच मातीत खेळतं. गणवेश घालून अक्षरं गिरवणारं पाच वर्षांचं मूल तिथे पुन्हा खेळायला बसतं आणि आई काळजीत पडते. उलट दिशेने आलेल्या आईची काळजी उलटी असते, कारण तिच्या सहा वर्षांच्या मुलाच्या वर्गातली मुलं वाचू लागलेली असतात. सरकारी पत्रकात ही भीती लिहिलेली नसते. ‘घाबरू नकोस, आठ वर्षांची होईपर्यंत सगळी एका पातळीवर येतात’ हे आधी त्यातून गेलेली बाईच सांगते.

बाळंतपणाचंही तसंच. जर्मनीत बाळ बारा आठवड्यांचं होईपर्यंत सुईण घरी येऊ शकते आणि खर्च विमा उचलतो. ब्रिटनमध्ये सुईणीच्या भेटी लवकर संपतात, मग ‘हेल्थ व्हिजिटर’ येते. जर्मनीत बाळाच्या तपासण्यांचं पिवळं पुस्तक, ब्रिटनमध्ये लाल. या व्यवस्थांच्या बरोबरीने महत्त्वाचं असतं ते गरोदरपणाच्या वर्गात किंवा बाळंतपणानंतरच्या व्यायामाला शेजारी बसलेल्या बाईशी जुळलेलं नातं. तिथे आई चुका करत परकी भाषा बोलते आणि कुणी हसत नाही.

मुलाला दोन भाषा द्यायची सर्वांत प्रसिद्ध रीत म्हणजे आईने एक आणि बापाने दुसरी भाषा बोलायची. फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ झ्युल रोंजा यांची पत्नी जर्मन होती. आपल्या लुई या मुलाची वाढ त्यांनी याच रीतीने केली आणि १९१३मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. रीत चांगली आहे, पण तिला एक मर्यादा आहे. मूल शाळेत जायला लागलं की शाळेची भाषा घरात शिरते. भावंडं आपापसात ती बोलू लागतात, आईने जर्मनमध्ये विचारलं तर उत्तर इंग्रजीत येतं. इथे बहुतेक आया थकतात, आणि इथेच मैत्रिणींचं काम सुरू होतं. ब्रिटनमधल्या अनेक शहरांत पालकांनी उभ्या केलेल्या जर्मन शनिवारच्या शाळा आहेत. भाड्याच्या वर्गखोल्या, खाऊचे डबे, बाहेर व्हरांड्यात गप्पा मारत थांबलेल्या आया. मुलाला तिथे पहिल्यांदा कळतं की ही भाषा आपल्या आईची खाजगी सवय नाही, दुसरी मुलंही तिच्यात भांडतात. ११ नोव्हेंबरच्या आसपास संत मार्टिनसाठी कागदी कंदील घेऊन लंडनच्या बागांतून मुलांची मिरवणूक निघते. शाळेच्या पहिल्या दिवशी खाऊने भरलेला कागदी शंकू हातात द्यायची जर्मन रीत इंग्रज शाळेच्या दारातही पाळली जाते. बर्लिनमध्ये १९९२पासून सरकारी युरोप-शाळा दोन भाषांत शिकवतात. तिथे जर्मन-इंग्रजी वर्गात दोन्हीकडची मुलं एका बाकावर बसतात. ब्रिटनमध्ये मात्र सरकारी पाठबळ ओसरत गेलं. इंग्लंडने २००४मध्ये चौदा वर्षांपुढच्या मुलांना परकी भाषेची सक्ती काढून टाकली, आणि बारावीच्या तोडीच्या ‘ए-लेव्हल’ परीक्षेला जर्मन घेणारे विद्यार्थी आता वर्षाला तीन हजारांहून कमी उरले आहेत. हे नुकसान आया भरून काढू शकणार नाहीत, पण त्या झटत आहेत.

खाण्याविषयी थोडं ऐसपैस लिहावंसं वाटतं, कारण मैत्री सुरू होते ती बहुधा स्वयंपाकघरातून. इंग्रज आई केक करायला घेते आणि जर्मन दुकानात तिला ‘सेल्फ-रेझिंग’ पीठ मिळत नाही. ब्रिस्टलच्या हेन्री जोन्सने १८४५मध्ये हे पीठ काढलं आणि इंग्रज घरातलं बेकिंग त्यावरच बेतलं गेलं. जर्मनीत पिठाच्या पुड्यांवर ४०५, ५५०, १०५० असे आकडे असतात. नेहमीच्या केकला ४०५, आणि आकडा वाढेल तसा कोंड्याचा अंश जास्त. फुगवण्यासाठी बिलेफेल्डच्या ओएट्करची अर्धा किलो पिठाच्या मापाची बेकिंग पावडरची पुडी. हे प्रमाण शेजारीण एकदा दाखवते आणि ओळख पक्की होते. जर्मन आईचा हट्ट क्वार्कचा. तिच्या चीजकेकला ते मऊ, ताजं चीज लागतंच, आणि ब्रिटनमध्ये मिळतं ते बहुधा बिनस्निग्ध. मग दही फडक्यात टांगून काम भागवायचं. तिला सर्वांत जास्त आठवण येते ती राय या धान्याच्या आंबट पावाची. रात्रीचं जेवण म्हणजे पाव, चीज आणि गार मांसाचे काप, अशी तिची वाढ झालेली, तर इंग्रज मुलांना संध्याकाळी पाचलाच गरम जेवण हवं. तो आंबट पाव करायला जिवंत आंबवण लागतं, आणि शेजारी विरजण मागायला जावं तसं ते मैत्रिणीकडून वाटीभर आणलं जातं.

डिसेंबरात ही देवाणघेवाण भरात येते. नाताळाआधीच्या ॲडव्हेंट पर्वातलं मेणबत्त्यांचं चक्र १८३९मध्ये हॅम्बर्गमध्ये योहान विखर्न यांनी निराधार मुलांसाठी केलं होतं. आता ते इंग्रज घरांतही दिसतं. इंग्लंडच्या राजवाड्यात १८००मध्ये सजवलेलं झाड मांडलं ते जर्मनीहून आलेल्या शार्लोट राणीने. उलट दिशेने इंग्रज आई ॲडव्हेंटच्या आदल्या रविवारी पुडिंगचं मिश्रण घरातल्या प्रत्येकाला ढवळायला लावते आणि त्यासाठी लागणारी बैलाच्या मूत्रपिंडाभोवतीची चरबी जर्मन खाटकाला खाणाखुणांनी समजावते.

२३ जून २०१६च्या ब्रेक्झिट सार्वमताने या रोजच्या जगण्यात कागद घुसले. २०१९मध्ये चौदा हजारांहून अधिक ब्रिटिशांनी जर्मन नागरिकत्व घेतलं. ब्रिटनमधल्या जर्मन आयांना, काहींना तीस-तीस वर्षं तिथे काढल्यावर, ३० जून २०२१पर्यंत राहण्याच्या हक्कासाठी अर्ज करावा लागला. २०२१पासून ब्रिटनमधून युरोपात चीज किंवा मांस नेता येत नाही. २०२५च्या एप्रिलमध्ये लाळ्या-खुरकुताच्या साथीमुळे ब्रिटननेही उलट बाजूने तीच बंदी घातली. आजीच्या पार्सलमधलं चीज गेलं. मुलं सांभाळत भाषा शिकायला येणाऱ्या जर्मन तरुणींची वाट बंद झाली, आणि शाळांच्या सहली रोडावल्या. जुलै २०२५मध्ये लंडनला झालेल्या मैत्री-करारात शाळकरी मुलांच्या गटांना ये-जा सोपी करण्याचं कलम आहे. जर्मनीने २०२४च्या जूनपासून दुहेरी नागरिकत्वही मान्य केलं. दोन्ही पावलं मला मोलाची वाटतात, कारण ती मुलांपासून सुरू होतात.

या वाटेवर मराठी आयाही आहेत. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२चं. म्युनिक-फ्रँकफर्टकडे गेलेली आयटीतली कुटुंबं अलीकडची. त्यांच्या घरात मराठी, इंग्रजी आणि जर्मन अशा तीन भाषा एका ताटात येतात, आणि सर्वांत आधी मराठी मागे सरते. पुण्या-ठाण्याहून बाळंतपणासाठी तीन महिने तिकडे जाणाऱ्या आज्यांना माझी विनंती आहे. तूप नि खवा बॅगेत भरू नका, विमानतळावर काढून घेतील. नातवाशी मराठीतच बोला, तो इंग्रजीत उत्तर देईल तरी बोला. सुनेला किंवा लेकीला तिच्या जर्मन शेजारणीचं नाव विचारा, आणि परतण्यापूर्वी एकदा त्या शेजारणीला मुलाबाळांसह जेवायला बोलवा.