दारू सोडताना काढा कुठवर पुरतो?



न्हावा शेव्याला १९८९ साली बंदर सुरू झाले, पण उरण तालुक्यातल्या कातकरी वाड्यांवर हंगामी मजुरी काही सुटली नाही. दारूने गांजलेली घरे तिथे आहेत, तशी ती आपल्या मंडळीतही आहेत. कुणी दारू सोडायचे ठरवले की घरची बाई आधी झाडपाल्याकडे वळते. अशी औषधे वाड्यांवर पाठवावीत का, हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा आहे.

रोजच्या दारूने मेंदू दबलेला असतो आणि त्या दाबाविरुद्ध तो सतत जोर लावत असतो. दारू एकदम थांबली की दाब जातो, जोर मात्र तसाच राहतो. शेवटच्या घोटानंतर सहा-आठ तासांत हात थरथरू लागतात, घाम येतो, मळमळते, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसात काहींना भास होतात, ताप चढतो. ‘बाहेरचं झालं’ म्हणून भगताला बोलावले जाते आणि दवाखान्याची वेळ निघून जाते. या अवस्थेत माणूस दगावतो.

आले-गवती चहाचा काढा मळमळीला बरा. उकड्या तांदळाची पेज तर उत्तमच. पॉलिश तांदळापेक्षा तिच्यात थायमिन, म्हणजे ब-१ जीवनसत्त्व, जास्त असते. पण सतत पिणाऱ्याच्या आतड्यात ते नीट शोषले जात नाही, म्हणून डॉक्टर ते इंजेक्शनने देतात, तेही ग्लुकोजच्या आधी. झोपेसाठी अश्वगंधा सुचवतात. तिने यकृताला अपाय झाल्याच्या नोंदी आहेत आणि या माणसाचे यकृत आधीच थकलेले असते. अरिष्टे आणि आसवे तर टाळावीतच: त्यांत आंबवण्यातून तयार झालेले अल्कोहोल असते, बाटलीवर तसे छापलेलेही असते!

फिट रोखणारा पाला किंवा मूळ सिद्ध झालेले नाही. त्यासाठी डायझेपामसारखी गोळी लागते, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, मात्रा हळूहळू उतरवत. डायसल्फिरामची गोळी जेवणात गुपचूप मिसळणे तर फारच घातक; त्यावर तो प्यायला तर जिवावर बेतू शकते.

तेव्हा पुड्या पाठवण्यापेक्षा दवाखान्याच्या गाडीभाड्याला हातभार लावा, चार-पाच रात्री उशाशी बसणारा कुणी द्या. पुढच्या उपचारासाठी फादर जो परेरा यांनी १९८१ साली सुरू केलेले कृपा फाउंडेशन आहे, पुण्यात १९८६ पासूनचे मुक्तांगण आहे. फिट आली, भास झाले किंवा ताप चढला, तर काढा बाजूला ठेवून लगेच १०८ ला फोन करा.