तो पक्षी का उडत होता?

सीहाउसेसच्या धक्क्यावर होडीची तिकिटं घेताना खिडकीतल्या बाईंनी मला पहिला प्रश्न विचारला तो टोपीचा. ‘टोपी आणली आहे ना?’ मुलीनंही निघताना बजावलं होतं. मला वाटलं, उन्हासाठी असेल. आता इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर जून महिन्यात ऊन ते किती! माझ्या अंगात दोन स्वेटर होते. टोपीचं खरं कारण कळलं ते बेटावर पाऊल ठेवल्यावर तिसऱ्या मिनिटाला. डोक्यावर टक्कन चोच बसली, पुन्हा बसली, आणि वरून कर्कश शिव्यांचा भडिमार सुरू झाला.

ही गोष्ट २०१९ ची. नॉर्दम्बरलंडच्या किनाऱ्यासमोर फार्न नावाचा बेटांचा पुंजका आहे. भरतीला पंधराएक बेटं दिसतात, ओहोटीला अठ्ठावीसपर्यंत. सातव्या शतकात सेंट कथबर्ट हा साधू इथं एकटा राहायचा, आणि इथल्या आयडर बदकांना त्यानं अभय दिलं होतं म्हणतात. त्या भागात त्या बदकाला अजून ‘कडी डक’, म्हणजे कथबर्टचं बदक म्हणतात. १९२५ पासून ही बेटं नॅशनल ट्रस्टकडे आहेत. एरवी ओसाड असणाऱ्या या खडकांवर मे ते जुलैमध्ये पाय ठेवायला जागा नसते.

मला टोचणारा पक्षी होता आर्क्टिक टर्न. आपल्या नदी सुरयाच्या कुळातला, पांढराशुभ्र, डोक्यावर काळी टोपी, लालभडक चोच. वजन जेमतेम शंभर ग्रॅम. हा पक्षी दरवर्षी दक्षिण ध्रुवाकडे जाऊन परत येतो. याच बेटांवरच्या एका टर्नच्या पायाला १ ग्रॅमहूनही हलकं यंत्र बांधलं होतं. २०१५-१६ च्या एका फेरीत त्यानं ९६,००० किलोमीटर कापल्याचं त्यातून दिसलं. १९८२ साली इथं पायात कडी घातलेलं एक पिल्लू त्याच वर्षी ऑक्टोबरात थेट ऑस्ट्रेलियात, मेलबर्नजवळ सापडलं. एवढ्या मुलखावर हक्क असलेला प्राणी आपल्या दोन अंड्यांभोवतीच्या हातभर जमिनीसाठी माणसाच्या टाळक्यावर येतो, हे मला फार आवडलं. टाळकं माझं होतं, तरीही.

मी गेलो होतो फोटो काढायला. समुद्रपक्षी उडताना टिपायचे तर विणीच्या हंगामासारखी सोय नाही. खुल्या समुद्रावर त्यांचा माग काढणं हे गवतात सुई शोधणं. पण घरट्यात पिल्लू असलं की तोच पक्षी त्याच वाटेनं, त्याच जागी, दिवसातून अनेकदा येतो. पक्षी वाऱ्याच्या विरुद्ध तोंड करून उतरतात, म्हणून वारा आपल्या पाठीवर घ्यावा. मग तो थेट आपल्याकडे तोंड करून येतो, आणि टर्न तर वाऱ्यावर क्षणभर टांगल्यासारखा स्थिर राहतो. शटर सेकंदाच्या दोन हजाराव्या भागावर ठेवावं. पांढऱ्या पंखांचा प्रकाश जपावा, नाहीतर फोटोत पंख नसतात, नुसता चुना असतो. पफिनचं मात्र काही खरं नाही. कबुतराएवढा हा जाडसर पक्षी मिनिटाला सुमारे ४०० वेळा पंख मारत गोळीसारखा येतो. मी त्याचे दीडशे फोटो काढले, त्यांतल्या बऱ्याच फोटोंत फक्त आकाश आहे.

या पफिनच्या चाळीस हजारांहून अधिक जोड्या इथं जमिनीत बिळं करून राहतात. जोडीला वर्षाकाठी अंडं एकच. समुद्रातून येताना चोचीत सॅण्ड ईल नावाचे बोटभर चंदेरी मासे आडवे धरलेले असतात, एका वेळी दहा-बाराही. जिभेवर आणि टाळूवर काटे असल्यानं आधीचे न सांडता पुढचा पकडता येतो. मासे घेऊन येणारा पफिन, समोरून, पंख पसरलेला, हा तिथं येणाऱ्या प्रत्येकाला हवा असलेला फोटो. मलाही हवा होता.

फळ्यांच्या वाटेवर एका वळणाशी सहा-सातजण लांबलांब लेन्स रोखून उभे होते. मीही घुसलो. चोचभर मासे घेऊन एक पफिन आला, आमच्यावरून वळला आणि परत समुद्राकडे गेला. पुन्हा आला, पुन्हा वळला. आम्ही खूश, प्रत्येक फेरीला फोटो! तेवढ्यात बाजूला बसलेल्या काळ्या डोक्याच्या कुरवांपैकी दोघे त्याच्यावर धावले. हे इथले लुटारू. उतरायला जितका वेळ लागेल तितकी त्यांची चंगळ. मासे गेले. तिथल्या राखणदार मुलीनं येऊन अत्यंत सभ्यपणे सांगितलं, ‘तुम्ही त्याच्या दारात उभे आहात.’

आणि मला भिगवण आठवलं.

१९९४ चा मे. नोकरीच्या निमित्तानं तेव्हा मी त्या भागात होतो. उन्हाळ्यात उजनीचं पाणी उतरलं की मधे मातीची बेटं उघडी पडतात. अशाच एका बेटावर नदी सुरयांची घरटी होती. घरटी म्हणजे काय, मातीत केलेले खळगे आणि त्यात मातीच्याच रंगाची ठिपकेदार अंडी. मी होडीतून सरळ उतरलो. सगळे सुरय एकदम उठले आणि डोक्यावर कल्लोळ करू लागले. माझ्याकडे छत्तीस फोटोंचा एकच रोल. होडीवाले मामा दोनदा म्हणाले, ‘सायेब, आटपा. अंडी भाजत्यात.’ चाळिशी ओलांडलेल्या त्या उन्हात सुरय अंड्यांवर बसतो तो ऊब द्यायला नव्हे, सावली धरायला. मला ते कळलं होतं. मी म्हणालो, ‘दोनच राहिलेत.’ दोन नव्हते, अकरा होते. मी पुरा रोल संपवला.

त्यातला एक फोटो अप्रतिम आला. निळ्या आकाशात पंख पसरलेला सुरय, चोच उघडी, नजर थेट कॅमेऱ्यात. बँकेच्या गृहपत्रिकेच्या मुखपृष्ठावर तो छापून आला. मोठा करून, चौकट करून मी तो दिवाणखान्यात लावला. ‘काय डौल आहे!’ असं लोक म्हणत आणि मी मान डोलावत असे. पंचवीस वर्षांत एकानंही विचारलं नाही, आणि मीही कुणाला सांगितलं नाही, की तो पक्षी उडत होता कारण मी तिथं उभा होतो. त्या अंड्यांचं काय झालं, मला ठाऊक नाही. बघायला मी परत गेलो नाही.

आपला १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा मी नंतर वाचला. आकड्यांच्या धंद्यात जन्म गेलेल्या माणसाला व्याख्या वाचायची खोड असते. त्यात ‘शिकार’ या शब्दाच्या व्याख्येतच पक्ष्यांच्या अंड्यांना किंवा घरट्यांना त्रास देणं येतं. बंदूक लागत नाही. गंमत बघा, १८८२ साली मारे या फ्रेंच शास्त्रज्ञानं उडते पक्षी टिपायला जो कॅमेरा केला, तो दिसायला हुबेहूब बंदूकच होता. खांद्याला दस्ता लावायचा, नेम धरायचा, चाप ओढायचा, की सेकंदाला बारा चित्रं. नेपल्सजवळ त्यानं त्यातून समुद्रपक्षी टिपले. इंग्लंडात छोटा टर्न घरट्याजवळ टिपायचा तर आधी परवाना घ्यावा लागतो. हे मला जाचक वाटत नाही.

फार्नवरही टर्न माझ्यामुळेच चिडला होता, हे खरंच. फरक एवढाच, की मी फळीवर होतो आणि वेळ संपली की होडी मला घेऊन जाणार होती. एक टर्न माझं डोकं फोडत होता, तेव्हा हातभर अंतरावरचा त्याचा जोडीदार अंड्यांवरून हललासुद्धा नाही. ते बसलेलं ध्यान मी कितीतरी वेळ बघत राहिलो. उडत्या पक्ष्यांसाठी आलो होतो, आणि त्या दिवसाचा माझा सगळ्यात आवडता फोटो बसलेल्या पक्ष्याचा आहे.

मग २०२२ मध्ये बर्ड फ्लू आला. फार्नच्या राखणदारांनी मेलेले हजारो पक्षी हातांनी उचलले आणि बेटांवर उतरणं बंद झालं. इनर फार्नवर माणसं परत उतरली ती २०२४ मध्ये. त्या बातमीतला फोटो मुलीनं मला पाठवला होता. फळ्यांची तीच वाट होती, त्यावर माणूस कुणी नव्हता, आणि फळीच्या अगदी मधोमध एक पफिन उभा होता.

दिवाणखान्यातला सुरय मी काढलेला नाही. पाहुणे अजून त्याच्या डौलाचं कौतुक करतात. आता मी त्यांना मामांचं वाक्य सांगतो. मग थोडा वेळ कुणी बोलत नाही, आणि बायको चहा घेऊन येते.